चादरीवरचा सूर्य आडवा का झाला?

फळ्यावर दोन वेगवेगळे आयत काढून ते समरूप आहेत का असे दहावीच्या वर्गात विचारून पाहावे. बरीच मुले 'हो' म्हणतात. का, असे विचारले तर उत्तर येते, "दोन्ही आयतच आहेत की!" या मुलांना व्याख्या येत नाही असे मुळीच नाही. संगत कोन एकरूप असतात आणि संगत बाजू प्रमाणात असतात, हे वाक्य ती झोपेतही म्हणून दाखवतील. या वाक्यातला 'आणि' मात्र त्यांच्या कानावरून निसटून जातो. तो 'आणि' तिथे कशासाठी बसवला आहे, हे आम्हालाही खऱ्या अर्थाने कळले ते पुस्तकातून नव्हे, सोलापुरात एका नक्षीकाराच्या टेबलापाशी.

झाले असे, की एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी भिंतीवर टांगायचे एक विणलेले चित्र करून घ्यावे असे आमच्या मनात आले. सोलापूरला चादरींइतकीच अशा विणलेल्या चित्रांचीही परंपरा आहे. मधोमध सूर्य आणि भोवती ग्रहांच्या कक्षा, अशी साधी कल्पना होती. नक्षी चौकटींच्या कागदावर काढावी लागते एवढे आम्हाला ऐकून माहीत होते. म्हणून शाळेत वापरतात तो आलेख-कागद घेतला, कंपासने छानसे वर्तुळ काढले, वर्तुळाच्या आत येणाऱ्या चौकटी रंगवल्या आणि कागद घेऊन नक्षीकाराकडे गेलो. त्यांनी कागद उजेडात धरला, एक क्षण पाहिला आणि म्हणाले, "सर, हा सूर्य कापडावर आडवा होणार. झोपणार तो."

आमचे गणित पक्के आहे असा आमचा समज होता. पण गंमत अशी, की कागदावर एकही रेघ चुकलेली नव्हती. मग चूक होती कुठे?

ती समजण्यासाठी मागाकडे क्षणभर पाहावे लागेल. कापडात उभे धागे असतात, तो ताणा. आडवे धागे असतात, तो बाणा. साध्या कापडात ताण्याचे धागे ठरावीक क्रमाने वर उचलले जातात आणि त्यांच्याखालून बाणा जातो. नक्षीच्या कापडात मात्र दर वेळी कोणते धागे वर यायचे ते बदलत राहते. हे काम फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेले यंत्र करते. सोलापुरात त्याला नुसते 'जकार्ड' म्हणतात. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोके पाडलेली असतात. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हूक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. बाण्याच्या दर ओळीसाठी एक कार्ड, अशी कार्डांची लांबच लांब माळ मागावर फिरत असते. आता पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्याची जागा संगणकाने घेतली आहे, परंतु तत्त्व तेच आहे.

नक्षीच्या कागदावरचा प्रत्येक उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. म्हणजेच हा कागद निर्देशकांचा कागद आहे! 'क्ष' हा ताण्याच्या धाग्याचा क्रमांक, 'य' हा बाण्याच्या धाग्याचा क्रमांक. (क्ष, य) या चौकटीत रंग भरला, की त्या जागी कापडावर रंगाचा एक ठिपका उमटतो. रने देकार्त यांचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ सालचा. पण त्यांचे नाव ज्यांनी कधी ऐकले नसेल असे कितीतरी नक्षीकार सोलापुरात निर्देशक भूमितीवर पोट भरत आले आहेत.

आता चुकीकडे वळू. शाळेच्या आलेख-कागदावर उभी आणि आडवी अंतरे सारखी असतात. कापडावर तसे असेलच असे नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, एका कापडात इंचाला ताण्याचे ३२ धागे आहेत आणि बाण्याचे ४० आहेत. मग कागदावरचा (क्ष, य) हा बिंदू कापडावर

(क्ष ÷ ३२, य ÷ ४०)

इतक्या इंचांवर जाऊन बसतो. आमच्या वर्तुळाची त्रिज्या ४० चौकटींची होती. कापडावर ती आडव्या दिशेने ४० ÷ ३२ म्हणजे १.२५ इंच होते, आणि उभ्या दिशेने ४० ÷ ४० म्हणजे १ इंच. रुंदी अडीच इंच, उंची दोन इंच. क्ष² + य² = १६०० हे वर्तुळाचे समीकरण; कापडावरच्या इंचांतील निर्देशकांना क्ष' आणि य' म्हटले तर क्ष = ३२क्ष' आणि य = ४०य'. या किमती समीकरणात घातल्या की

(क्ष' ÷ १.२५)² + (य' ÷ १)² = १

हे लंबवर्तुळाचे समीकरण मिळते. सूर्य झोपला तो असा.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती नुसती फजिती ठरली असती. परंतु नक्षीकाराने आमच्या कागदाच्या कोपऱ्यात दोन चौरस काढले आणि "आता यांचे काय होईल ते सांगा," असे म्हणून आमचीच परीक्षा घेतली. एक चौरस सरळ बसलेला होता, ४० चौकटी रुंद आणि ४० चौकटी उंच. दुसरा टोकावर उभा केलेला होता. चादरीच्या मधल्या बुट्ट्यात असतो तसा. त्याचे शिरोबिंदू (४०, ०), (०, ४०), (−४०, ०) आणि (०, −४०).

सरळ चौरसाचे उत्तर सोपे आहे. तो १.२५ इंच रुंद आणि १ इंच उंच असा आयत होतो. चारही कोन काटकोनच राहतात, म्हणजे मूळ चौरसाच्या कोनांशी ते तंतोतंत एकरूप आहेत. पण बाजू प्रमाणात नाहीत.

टोकावरच्या चौरसाचे शिरोबिंदू कापडावर (१.२५, ०), (०, १), (−१.२५, ०), (०, −१) इथे जातात. त्याच्या बाजू मोजू. प्रत्येक बाजूची लांबी √(१.२५² + १²), म्हणजे सुमारे १.६ इंच. चारही बाजू समान! मूळ चौरसाच्याही चारही बाजू समान होत्या. तेव्हा संगत बाजूंची चारही गुणोत्तरे सारखीच आहेत. प्रमाणाबद्दल तक्रार करायला जागाच नाही. पण कोन? मूळच्या बाजू क्ष-अक्षाशी ४५ अंशांचा कोन करत होत्या, त्यांचा चढ १ होता. आता चढ १ ÷ १.२५ म्हणजे ०.८ झाला, आणि कोन सुमारे ३८.७ अंश. त्यामुळे डावी-उजवीकडचे कोन सुमारे ७७ अंशांचे आणि वर-खालचे सुमारे १०३ अंशांचे झाले. चौरसाचा समभुज चौकोन झाला.

एकाच कापडाने, एकाच गुणाकाराने, दोन चौरसांची दोन निरनिराळ्या प्रकारे मोडतोड केली. एकाने कोन राखले, बाजूंचे प्रमाण गमावले. दुसऱ्याने बाजूंचे प्रमाण राखले, कोन गमावले. दोघेही मूळ आकृतीशी समरूप नाहीत. व्याख्येतील 'आणि' इथे उभा आहे. वर्गात आयत आणि समभुज चौकोन ही दोन उदाहरणे सुटी सुटी सांगितली जातात, आणि ती मुद्दाम शोधून काढलेल्या अपवादांसारखी वाटतात. ती एकाच ताणलेल्या कागदातून निघतात हे दाखवले तर मुले ती सहसा विसरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

चाणाक्ष विद्यार्थी इथे एक शंका काढील आणि त्याने ती काढावीच. त्रिकोणांना 'आणि' का लागत नाही? कोकोको कसोटीत नुसते कोन पुरतात, बाबाबा कसोटीत नुसत्या बाजू पुरतात. उत्तर याच चित्रात आहे. टोकावरचा चौरस आडव्या कर्णावर कापा आणि वरचा त्रिकोण घ्या. मूळ त्रिकोणाचा पाया ८० चौकटी आणि इतर दोन बाजू ४०√२, म्हणजे सुमारे ५६.६ चौकटी. कापडावर पाया २.५ इंच आणि बाजू १.६ इंच. गुणोत्तरे पाहा: ८० ÷ २.५ = ३२, तर ५६.६ ÷ १.६ = सुमारे ३५.४. चौकोनाने लपवलेली गोष्ट त्रिकोणाने लगेच उघडी पाडली. चार काड्या टोकांना खिळवून केलेला चौकोन दाबला की कलतो, कारण बाजू न बदलता कोन बदलण्याची मोकळीक त्याला असते. तीन काड्यांच्या त्रिकोणाला ती नसते. बाजू ठरल्या की कोन ठरलेच.

मग सूर्य गोल ठेवायचा कसा? नक्षीकारांनी त्यावरचा उपाय केव्हाच शोधून ठेवला आहे. त्यांचा कागद शाळेच्या कागदासारखा नसतो. या कापडासाठी ते ८ × १० चा कागद घेतील: जाड रेघांनी आखलेल्या प्रत्येक मोठ्या चौरसात ८ उभे रकाने आणि १० आडव्या ओळी. ३२ ला ४० म्हणजेच ८ ला १०. लहान चौकटी स्वतः चौरस नसतात, आडव्या लांबट असतात, पण त्यांच्या रुंदी-उंचीचे प्रमाण धाग्यांच्या अंतरांच्या प्रमाणाइतकेच असते. अशा कागदावर कंपासने वर्तुळ काढले तर कागदापासून कापडाकडे जाताना आडवी आणि उभी अंतरे एकाच संख्येने गुणली जातात. सूर्य गोलच राहतो.

'एकाच संख्येने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आरंभबिंदू जागच्या जागी ठेवून प्रत्येक बिंदू (क्ष, य) हा (ग क्ष, ग य) इथे नेणे, या क्रियेला आपण या लेखापुरते 'विस्तारण' म्हणू आणि ग या धन संख्येला गुणक म्हणू. गुणक १ पेक्षा लहान असेल तर आकृती आक्रसते, तरी नाव तेच ठेवू. विस्तारणाने आकृती समरूपच राहते हे दाखवायला दहावीची दोन सूत्रे पुरतात. अंतराच्या सूत्रात ग क्ष२ − ग क्ष१ आणि ग य२ − ग य१ घातले की दोन्ही वर्गांतून ग² बाहेर येतो, आणि नवे अंतर = ग × जुने अंतर असे मिळते. बाजू प्रमाणात आल्या. चढाच्या सूत्रात तर ग वर आणि खाली दोन्हीकडे येतो आणि छेदला जातो. चढ बदलत नाही. (उभ्या रेषेला चढ नसतो, पण ती उभीच राहते.) म्हणजे प्रत्येक बाजू स्वतःला समांतर राहते, आणि म्हणून कोनही बदलत नाहीत. आमच्या फसलेल्या सूर्यात आडवा गुणक १/३२ आणि उभा १/४० होता. त्यामुळे चढातला ग छेदला गेलाच नाही.

मुलांचा आणखी एक गोंधळ होतो तो केंद्राबद्दल. विस्तारण आरंभबिंदूपासूनच करायला हवे असे नाही. (२, १), (६, १), (२, ४) हा त्रिकोण घ्या. बाजू ४, ३ आणि ५. आरंभबिंदूपासून दुप्पट केला तर तो (४, २), (१२, २), (४, ८) इथे जातो. बाजू ८, ६, १०. आता (२, १) हा त्याचाच शिरोबिंदू केंद्र धरून दुप्पट करा. केंद्रापासूनची अंतरे दुप्पट करायची, म्हणजे (२, १) जागीच राहील, (६, १) जाईल (१०, १) ला आणि (२, ४) जाईल (२, ७) ला. बाजू पुन्हा ८, ६, १०. दोन्ही मोठे त्रिकोण एकरूप आहेत. एक दुसऱ्यापासून डावीकडे २ आणि खाली १ सरकलेला आहे इतकेच. केंद्र बदलल्याने जागा बदलते, आकार बदलत नाही. उलट, अशा दोन आकृत्या समोर असतील तर केंद्र शोधण्यासाठी संगत शिरोबिंदू रेषांनी जोडावेत. त्या सर्व रेषा एकाच बिंदूत मिळतात. भूमितीय रचनांमध्ये दिलेल्या त्रिकोणाशी समरूप त्रिकोण काढताना एक शिरोबिंदू सामाईक ठेवतात, ते या शिरोबिंदूला केंद्र धरून केलेले विस्तारणच होय. जर्मन पंडित क्रिस्टोफ शाइनर यांनी १६०३ साली बनवलेला पँटोग्राफही हेच करतो. त्याचा एक पाय खिळलेला असतो, तोच केंद्र.

हे सगळे कागदावर निर्वेध चालते. कापड मात्र आणखी एक अट घालते. समजा नक्षीकाराला ८० धाग्यांचा बुट्टा दुप्पट करायचा आहे. रकाने १६०, ओळी १६०. चौकटी ६,४०० होत्या त्या २५,६०० झाल्या; समरूप आकृत्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराइतके असते, हे प्रमेय इथे रोकड्या खर्चाच्या रूपाने भेटते. कार्डे दुप्पट लागतील आणि प्रत्येक कार्डावर विचारात घ्यायच्या जागाही दुप्पट. हूकही दुप्पट हवेत, आणि जकार्डला हूक मोजकेच असतात. ते संपले की गणित कितीही परवानगी देवो, बुट्टा रुंद होत नाही.

आता नीट पाहा. जुना बिंदू (३, ५) नव्या नक्षीत (६, १०) ला जाईल, (४, ५) हा (८, १०) ला. मग (७, १०) मध्ये काय भरायचे? जुन्या नक्षीत त्याचा पूर्वज (३.५, ५) असा होता, आणि साडेतिसरा धागा कापडात नसतो. दुप्पट केल्यावर फक्त सम-सम निर्देशकांच्या चौकटींना उत्तर मिळते, म्हणजे चारांतील एकीलाच. उरलेल्या तिघींचे काय? सोपा मार्ग असा, की प्रत्येक जुन्या चौकटीच्या जागी चार चौकटींचा ठोकळा भरायचा. संगणक नेमके हेच करतो, पण मग पाकळीच्या कडेला असलेल्या पायऱ्याही दुप्पट मोठ्या होतात आणि दुरून न दिसणारे दात आता दिसू लागतात. म्हणून आम्ही पाहिलेले नक्षीकार संगणकाने मोठी केलेली नक्षी पुन्हा चौकट-चौकट करून हाताने दुरुस्त करतात. त्यांनी आम्हाला दाखवलेल्या एका मोराच्या मानेवर अशी दुरुस्ती चालू होती, आणि वक्ररेषा गोल वाटण्यासाठी पायऱ्या ३, २, २, १, १ अशा कशा उतरवायच्या, हे ते नुसत्या नजरेने ठरवत होते.

लहान करणे त्याहून कठीण. ग = १/२ घेतला, की एका धाग्याची बारीक रेघ अर्ध्या धाग्याची व्हायला हवी. ती एकतर नाहीशी होते किंवा तेवढीच जाड राहते. आमच्या मते पूर्णांक निर्देशकांची मर्यादा शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. भूमितीतील रेषेला जाडी नसते हे वाक्य मुले ऐकून सोडून देतात. जाडी असलेली रेषा समरूप ठेवता येत नाही हे पाहिले की तेच वाक्य त्यांना आठवते.

शिक्षकांना वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. यासाठी माग लागत नाही, घरची एक चादर पुरते. समजा चादर ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब आहे आणि चारही बाजूंना ६ इंचांचा काठ आहे. आतला आयत आणि पूर्ण चादर समरूप आहेत का? वर्गातून 'हो' असा आवाज येईल, कारण काठ सगळीकडे सारखा आहे. आतला आयत ४८ × ७८ इंचांचा. ६० : ९० म्हणजे २ : ३, पण ४८ : ७८ म्हणजे ८ : १३. समरूप नाहीत. सारखे वजा करणे आणि सारख्याने गुणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काठ कसा हवा होता? चादरीचा मध्य केंद्र धरून ग = ०.८ घेतला तर आतला आयत ४८ × ७२ इंचांचा होतो. म्हणजे लांब बाजूंलगतचा काठ ६ इंचांचा, पण आखूड बाजूंलगतचा ९ इंचांचा. हे पडताळण्यासाठी मोजपट्टीचीही गरज नाही. चादर जमिनीवर सपाट पसरावी आणि दोन मुलांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत एक दोरा ताणून धरावा. आतल्या आयताचे कोपरे या दोऱ्यावर आले, तर दोन्ही आयत समरूप. कारण विस्तारणात प्रत्येक बिंदू केंद्रातून जाणाऱ्या आपल्याच रेषेवर सरकतो आणि कोपऱ्यांची ती रेषा म्हणजे कर्ण. आमच्या घरातल्या तीन चादरींवर आम्ही दोरा धरून पाहिला. तिन्हींवर आतले कोपरे दोऱ्याच्या बाजूलाच राहिले. पण त्यांपैकी एकीचा काठ आखूड बाजूंना थोडा जास्त रुंद होता आणि तिच्यावर दोरा कोपऱ्याला चिकटायला जेमतेम अर्धा इंच कमी पडला.